तीन किलोचा घन

हे बघा, चहा घ्या, बिस्किटं घ्या, हवं तर चिवडा काढते. फक्त कलाकंद मागू नका. ह्या घरात कलाकंदाचं नाव काढायला बंदी आहे. आमच्या ह्यांनी घातलीय, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं म्हणणं मला पटलेलं हे पहिलंच.

का म्हणून विचारताय? मग खुर्ची जवळ घ्या. हसू आलं तर खुशाल हसा, पण वैशालीएवढं मोठ्यानं नको. ती कोण, ते येतंच पुढं.

माझं गारखेड्यात ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. सकाळी गळ्यात टेप पडतो तो रात्री जेवताना हे आठवण करून देतात तेव्हा निघतो. बाई दारातून आत आली की दंडाचं माप मी नुसत्या नजरेनं सांगते. पाव इंच इकडंतिकडं झालं तर शिलाई परत! आता सांगा, अशा बाईचं माप कधी चुकेल का?

चुकलं. आणि असं चुकलं की ते उचलायला दोन गडी लागले.

पण त्याआधी गाडेकर सर सांगायला पाहिजेत. सर कळल्याशिवाय माझा मूर्खपणा तुम्हाला पुरता कळायचा नाय.

आम्ही लासूर स्टेशनचे. आमची शाळा रुळांपासून एवढी जवळ, की मालगाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. गाडेकर सर गणिताला होते. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, उंच, काळाभोर, आवाज असा की मैदानापलीकडची पोरं पाढे म्हणायला लागायची. गाडी आली की सर खडू फळ्यावर टेकवून तसेच उभे राहायचे. डबे संपेपर्यंत थांबायचे, आणि शेवटचा डबा गेला की राहिलेलं अर्धं वाक्य तिथूनच पुढं. "...म्हणून बाजू किती?" आम्ही तोवर सगळं विसरलेलो असायचो!

आणि घनमूळ शिकवायला सरांनी काय केलं असेल? पुस्तक मिटून ठेवलं अन् आख्खा वर्ग मातीत नेला. आपली काळी माती, भिजवून मळलेली. सरांनी एक छोटा लाकडी साचा आणला होता. त्यात माती दाबायची, पालथा घालायचा, की झाला चौकोनी ठोकळा. असे ढिगानं ठोकळे करून व्हरांड्यात वाळत घातले. मग ते रचून सर मोठा घन करायचे आणि विचारायचे, "आख्खा घन दिसतोय ना? आतलं बाहेरचं मिळून ठोकळे किती ते मी सांगतो. एका बाजूला किती लागले, ते तुम्ही सांगा. हेच घनमूळ. ह्यात घाबरायचं काय आहे?"

घाबरायचं काही नव्हतंच. पण माझं लक्ष कुठं? मी माझ्या ठोकळ्यावर खिळ्यानं वेलबुट्टी काढत होते! सरांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "नक्षी छान आहे मंगल. आता उत्तर सांग."

उत्तर कुठलं यायला! मी आपली मान खाली घालून उभी. पण सर रागावले नाहीत हो. कधीच नाही रागावले. तो ठोकळा त्यांनी बरेच दिवस टेबलावर ठेवला होता, वरच्या बाजूला नक्षी करून. अजूनही पाऊस पडून गेल्यावर तसली माती दिसली ना, की मला व्हरांड्यातलं ते ऊन आठवतं, बोटं वळवळायला लागतात, आणि वाटतं, एकदा परत त्या वर्गात जाऊन बसावं. खरंच वाटतं.

तर असे सर. लेकाकडं राहायला म्हणून ते इथं संभाजीनगरात आले, तेही आमच्याच गारखेड्यात. सरांच्या बाई, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून सर फार बोलत नव्हते. मी अधूनमधून जायची. "बरं आहे का सर?" "बरं आहे." की संपलं. ज्या माणसानं मालगाडीपुढं हार मानली नाही, तो माणूस खुर्चीत बसून खिडकीतून बघत बसायचा. मला लई वाईट वाटायचं.

आणि एक दिवस आमच्या शाळेच्या ग्रुपवर वैशालीचा मेसेज आला. वैशाली म्हणजे आमच्या वर्गातली पहिल्या नंबरची. आता खुलताबादला शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि ग्रुपवरसुद्धा घंटा वाजवल्यासारखे मेसेज टाकते. लिहिलं होतं, सर ऐंशी पार झालेत, आपण सगळे मिळून त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करू.

म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. माणूस ऐंशीच्या पुढं गेला की त्यानं पौर्णिमेचे हजार चंद्र पाहिले असं धरतात, आणि त्याचा सोहळा करतात. दिवे ओवाळायचे, शाल द्यायची, गोडधोड करायचं.

वैशालीनं कामं वाटली. हार कोण, शाल कोण, खुर्च्या कोण. मिठाईवर आली, की कुणी म्हणे लाडू, कुणी म्हणे पेढे. आणि माझ्या डोक्यात काय वीज चमकली बघा! मी लिहिलं, "हजार चंद्र ना? हजार म्हणजे दहाचा घन! मग सरांसाठी मिठाईचा घन करू. आख्खा, एकसंध, कलाकंदाचा."

मग धडाधड अंगठे. "वा मंगल!" "हे तुला सुचलं?" आता ह्या 'तुला'मधला टोमणा मला कळत नाय असं नाय, पण मी सोडून दिला.

मग वैशाली लिहिते, "कल्पना सुंदर. चाळीसेक माणसं होतील, तीन किलो पुरेल. घनाच्या बाजूचं माप मी काढून देते."

मी देते!

माझी तार सटकली. फोनच लावला.

"वैशू, मापं काढणं हा माझा धंदा आहे. तू कशाला तसदी घेते?"

"अगं, तसदी कसली? घनफळावरून बाजू काढायचीय, तिथं जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. तू काढ. पण एकदा मला दाखव."

"दाखवते तर! त्याच दिवशी, सरांच्या पुढ्यातच दाखवते."

फोन ठेवला. खरं सांगू का तुम्हाला? माझं वैशालीशी काही वाकडं नव्हतं. ती हुशार होतीच, आहेच. मला फक्त एकदा, आयुष्यात एकदा, सरांसमोर घनाचं बरोबर उत्तर घेऊन उभं राहायचं होतं. सर ऐंशीच्या पुढं गेलेले. आता नाय तर कधी?

दुसऱ्याच दिवशी स्कूटीवर टांग मारली आणि गेले शहागंजात रहीमभाईकडं. रहीमभाईचा कलाकंद म्हणजे तोंडात टाकला की डोळे आपोआप मिटतात. मी सांगितलं, मला घन पाहिजे. चौकोनी. सगळ्या बाजू सारख्या.

"ऐसा क्या?" म्हणत त्यांनी मागून एक पत्र्याचा डबा आणला. "ये देखो बाजी, इसमें एक किलो बराबर बैठता." बाजी म्हणजे त्यांच्यात ताई.

मी गळ्यातला टेप काढला. लांबी चार इंच. रुंदी चार, उंची चार. एक किलोचा घन, बाजू चार इंच. इथपर्यंत माझं एक अक्षर चुकलेलं नाय, हे ध्यानात ठेवा.

आता तीन किलोला किती?

अहो, मी शिवणारी बाई! आमच्यात कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ठरलेली असते. ठाण तेच, पन्हा तोच. एका ब्लाऊजला एवढं कापड, तर तीन ब्लाऊजला तिप्पट मोजायचं अन् टर्रकन फाडायचं. आयुष्यभर हेच केलं, एकदासुद्धा कापड कमी पडलं नाय की उरलं नाय. मग तीन किलोला? तिप्पट! चार त्रिक बारा. बारा इंच! कॅल्क्युलेटर नाय, कागद नाय, काही नाय. मला स्वतःचंच एवढं कौतुक वाटलं, की ह्याचीच वैशाली भीती घालत होती होय?

"रहीमभाई, बारा इंचाचा घन पाहिजे."

"बारा?" रहीमभाईंनी हात पसरून बघितले. "इत्ता बडा डब्बा मेरेकने नै है बाजी."

"डबा मी करून आणते. तुम्ही फक्त भरून द्या."

"पूरा भरना?"

"काठोकाठ!"

"पब्लिक कित्ती है?"

आता इथं मी सरळ चाळीस म्हणाले असते, तर हा किस्साच झाला नसता. पण सरांचं नाव निघालं की माझी छाती फुगते. मी म्हणाले, "रहीमभाई, ज्या माणसानं आख्खं आयुष्य शिकवण्यात घालवलं, त्याच्या विद्यार्थ्यांची काय गिनती करणार? अर्धं लासूर त्यांच्या हाताखालून गेलंय!"

"माशाल्ला!" रहीमभाईंनी कपाळाला हात लावला. "फिर तो बारा इंच कम पडते की क्या."

"नाही नाही, बरोबर पुरतं. मी हिशोब केलाय."

ऐकलंत? 'मी हिशोब केलाय.' हे वाक्य आठवलं की आजही मी उशीत तोंड खुपसते.

डबा करवून घेतला. दुकानात आणून शिलाई मशीनशेजारी ठेवला. आमचे हे रिटायर कंडक्टर, गच्च भरलेल्या गाडीत माणूस कुठं मावेल ते एका नजरेत सांगणारे. ते आले, डब्याभोवती एक चक्कर मारली.

"हे काय आहे?"

"तीन किलो कलाकंदाचा डबा."

"ह्यात?" त्यांनी आत डोकं घालून पाहिलं. "अगं, ह्यात माझं मुंडकं आरपार जातंय. तीन किलो म्हणजे एवढीशी पिशवी असते."

"अहो, घन असाच दिसतो. सगळीकडून सारखा असतो ना, म्हणून मोठा वाटतो."

"असंल बाबा," म्हणत हे निघून गेले. कंडक्टर माणूस. तिकीट काढलेल्या माणसाशी हुज्जत घालत नाय. डबा मी रहीमभाईंकडं पोचता केला.

सोहळ्याचा दिवस उजाडला. पौर्णिमाच होती. आणि नेमका त्या दिवशी आमच्या भागात नळ आला! तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडं पाणी येणं म्हणजेच एक सण. आठवड्याची बेगमी. सरांच्या सूनबाईंनी बादल्या, पातेली, डबे, हंडे, अगदी आमटीची वाटीसुद्धा भरून ठेवली होती. घरात एक रिकामं भांडं नव्हतं. हे लक्षात असू द्या, ह्याचा त्रास पुढं आहे.

मी साडी नेसून तयार, स्कूटीला पुढं जागा केलेली. रहीमभाईंचा फोन.

"बाजी, माल तय्यार है. गाडी भेजो."

"गाडी कशाला? मी स्कूटीवर येते की. पायापाशी ठेवीन."

मग रहीमभाई एकदम हसायला लागले. हसता हसता खोकले. "बाजी बी मजाक करते! रहने दो, मैच लेको आता."

मला काय मजाक तेच कळेना. म्हटलं, किती चांगला माणूस, घरपोच आणतो! आणि मी ह्यांना मागं बसवून, रिकाम्या हातानं, ऐटीत सरांकडं गेले.

सरांचा लेक दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाय. हॉल भरलेला, सगळी टकली आणि पांढरी डोकी. ज्यांना मी चड्डीत पाहिलंय ते चष्मे लावून बसलेले. सर मध्ये खुर्चीत. अंगावर नवी शाल. ओवाळणं झालं, दिवे झाले, दोघातिघांची भाषणंही झाली. सर प्रत्येकाला मान डोलवायचे आणि परत खिडकीकडं बघायचे. मला वाटलं, ह्यातलं काहीच सरांपर्यंत पोहोचत नाय.

वैशाली माझ्या कानाशी आली. "मंगल, मिठाई कुठंय?"

"येतीय. थांब तू."

तेवढ्यात खालून आवाज. "सीधा! सीधा पकड! दीवार कू लगा मत!"

जिन्यात धाप लागल्याचा आवाज. मग 'या अल्ला.' मग परत धाप. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "फ्रीज घेतला का काय सरांना?"

आणि दारात रहीमभाई! मागं दोन गडी, घामानं निथळलेले, आणि त्यांच्यामध्ये पाटावर ठेवलेला, पांढऱ्या कापडानं झाकलेला... बाई गं! मला वाटलं कुणी तिजोरी आणलीय. त्यांनी तो आणून टीपॉयवर ठेवला. टीपॉय कण्हलाच. रहीमभाईंनी झोकात कापड ओढलं.

कलाकंद! वर चांदीचा वर्ख, पिस्त्याचे काप, आणि केवढा! नळाचं पाणी बादलीत पडतंय तेवढंच ऐकू येत होतं.

"बाजी," रहीमभाई अभिमानानं म्हणाले, "सत्ताईस किलो. दो रोज से लडके सोये नै."

सत्तावीस!

"मंगल," वैशालीचा आवाज एकदम बारीक झाला होता, "आपलं तीन ठरलं होतं ना गं?"

आणि मग ती हसली. काय हसली! मुख्याध्यापिका असल्याचं विसरून, भिंत धरून हसली. तिचं बघून सगळे. खुर्च्या हलायला लागल्या. आमचे हे तर बाहेर गॅलरीत जाऊन हसले, संसार टिकवायला. बिलाचं विचारू नका, तो विषय आमच्यात मिटलाय.

मी? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या सरांसमोर एकदा बरोबर उत्तर द्यायचं म्हणून एवढा खटाटोप, त्यांच्याच पुढ्यात माझी चूक अशी वर्ख लावून मांडली गेली होती! डोळ्यांत पाणी आलं. सरांकडं बघायची हिंमत होईना.

"मंगल."

सरांचा आवाज. तोच. मैदानापलीकडं जाणारा.

"टेप दे."

सर खुर्चीतून उठले होते! सूनबाई धरायला धावल्या, त्यांना हातानंच थांबवलं. शाल घसरली, ती तशीच राहिली. मी टेप दिला. सरांनी मापं घेतली. लांबी बारा. रुंदी बारा. उंची बारा.

"एक किलोचा केवढा होता?"

"चार इंच, सर."

"मग तू काय तिप्पट केलंस?"

"लांबी, सर."

"आणि रुंदी?"

मी कलाकंदाकडं पाहिलं. "ती... ती पण झालीय तिप्पट."

"आणि उंची?"

"ती पण झालीय सर! पण मी फक्त लांबीचं बोलले होते हो! ह्या दोघी न विचारताच वाढल्या!"

परत हशा. सरसुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे दात पाहिले.

"सर, पन्हा ठरलेला असतो ना," मी रडवेली होऊन म्हणाले.

"कापडाचा असतो गं पोरी. घनाला पन्हा नसतो. चला, कापूयात."

सुरी नको म्हणाले, कडा मोडतात. माझ्या पर्समध्ये दोऱ्याचं रीळ असतंच. दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि सरांनी चार चार इंचांवर खुणा केल्या, तिथून मी आडवे काप घेतले, मग उभे, मग दुसऱ्या बाजूनं उभे. रहीमभाई "वाह, वाह" करत बाजूला. आणि सर ओरडले, "मोजा रे!"

काय सांगू! ती सगळी पांढरी डोकी उभी राहिली. गुडघे दुखणारी, बायपास झालेली, सासूबाई झालेल्या, आजोबा झालेले, सगळे एका सुरात, वर्गात मोजायचो तसे. वरच्या थरात नऊ. मधल्यात नऊ, अठरा. खालच्यात नऊ, "सत्तावीस!" असा आवाज झाला, की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला आली. आणि सर मधोमध उभे, हातात माझा टेप, डोळे लखलख. अहो, तेच सर! ते खुर्चीतले म्हातारबाबा कुठं गेले कुणास ठाऊक. मला हसू येईना आणि रडूही आवरेना.

"आता सांगा," सर म्हणाले, "मंगलला तीन किलो पाहिजे होता. मग बाजू किती घ्यायला हवी होती? वैशाली, तू गप्प बस. तुला येतं."

वैशालीनं तोंडावर हात ठेवला.

कुणी म्हणालं, "दीडपट, सर?"

"करून बघ. दीडची दीडपट?"

"सव्वादोन."

"त्याची परत दीडपट?"

"तीन... तीनाच्या वर जातंय सर. थोडंसं."

"म्हणजे?"

"दीडपटीपेक्षा थोडं कमी."

सर माझ्याकडं वळले. "चार इंचाची दीडपट किती?"

"सहा, सर."

"मग सहापेक्षा थोडं कमी. किती कमी?"

आता सहा इंचापेक्षा थोडं कमी म्हणजे किती, हे आख्ख्या गारखेड्यात माझ्याइतकं कुणाला कळतं? हा तर माझा प्रांत! मी डोळे मिटले. कलाकंद डोळ्यांपुढं आणला. एवढासा.

"सर," मी म्हणाले, "पावणेसहा?"

सरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर," सर म्हणाले. "एकदम बरोबर."

बास! मी रडले हो. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी वैशालीनं वाजवल्या, हे कबूल केलं पाहिजे, आणि तिनं मला मिठीच मारली. मला वाटलं, सत्तावीस काय, सत्तर किलो झाला असता तरी चाललं असतं.

मग वाटायला सुरुवात झाली, तर भांडी कुठायत? सगळ्यांत पाणी! शेवटी वर्तमानपत्रं काढली, रुमाल काढले, एकानं शालीचं खोकं घेतलं. शेजारीपाजारी, वॉचमन, खालचा दुकानदार, जो दिसेल त्याच्या हातात ठोकळ्याचा तुकडा. सरांना शुगर, म्हणून सूनबाईंनी त्यांना नखाएवढा तुकडा दिला. सरांनी तो खाल्ला आणि हळूच माझ्याकडं हात केला. मी दिला अजून एक. सांगू नका कुणाला.

निघायची वेळ झाली. माणसं चपला शोधायला लागली. मी सरांच्या पाया पडले. डोक्यात अजून ते 'एकदम बरोबर' वाजत होतं. चालताना जमिनीला पाय लागत नव्हते.

सरांनी खांद्याला धरून उठवलं. "आता घनमूळ डोक्यात बसलं ना?"

"बसलं म्हणजे काय सर! आता आयुष्यात चुकायची नाय. विचारा काही पण!"

"बरं. तीन किलोला पावणेसहा इंच. मग सहा किलोला?"

हॉलभर कान टवकारलेले. चपला घातलेली माणसंसुद्धा थांबली. मी पदर सावरला, मान ताठ केली, आणि अर्धा श्वासही न घेता, खणखणीत आवाजात सांगितलं,

"साडेअकरा!"

वैशालीनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, ते चोवीस किलोच्या आसपास जाईल!" रहीमभाई नुसते आपल्या गड्यांकडं बघायला लागले, आणि ते गडी जिन्याकडं सरकले.

सरांनी मात्र घसरलेली शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि लासूरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"चपला काढा रे सगळे, आणि बसा खाली. मंगलमुळं तास वाढलाय."